नुसते धाडून भागत नाही

पाऊस वेळेवर येवो वा न येवो, जून-जुलैत दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरील आमच्या बोरी अरबच्या थांब्यावर बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलांची आणि त्यांना पोहोचवावयास आलेल्या बापांची गर्दी हटकून होते. आणि त्या गर्दीत, यवतमाळ, अमरावती वा नागपूर येथे खोली करून राहण्यास निघालेला, दाखल्यांची पिशवी छातीशी धरून एस.टी.ची वाट पाहणारा एखादा ख्रिस्ती मुलगाही असतो. मुलगा गाडीत बसला की आपले कर्तव्य पार पडले, असे घरच्यांस वाटते. पाळकसाहेबांनी शिफारसपत्र दिले की मंडळीस तसेच वाटते. आणि प्रवेश नोंदवून शुल्काची पावती फाडली की महाविद्यालयासही त्याहून निराळे वाटत नाही. पुढे दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राचा निकाल लागतो, मराठी माध्यमातून इंग्रजी पुस्तकांत एकाएकी ढकलल्या गेलेल्या त्या मुलाचे दोन-तीन विषय राहतात, आणि 'एटीकेटी' हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला जातो.

गाव सोडून शिकावयास जाण्याची, किंवा महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर पडून शिकण्याची, संधी आज दुर्मिळ राहिलेली नाही. दुर्मिळ आहे ती संधी पचविण्यास लागणारी सोबत. ख्रिस्ती शिक्षणसंस्थांनी तरी ही गोष्ट विसरू नये, कारण त्यांचा स्वतःचा इतिहास तिला साक्षी आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाची स्थापना १८८३ ची. ज्यांचे नाव त्यास दिले ते स्टीफन हिस्लॉप शाळा चालविणारे मिशनरी तर खरेच, परंतु भूगर्भाचा आणि गोंड लोकांच्या भाषा-चालीरीतींचा अभ्यास करीत पायाखाली प्रदेश घालणारे गृहस्थ होते, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. (ती बोरी नागपूरकडची, आमची नव्हे.) अशा पुरुषाचे नाव धारण करणाऱ्या विद्यालयास वर्गाबाहेरील अध्ययनाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागू नये.

परंतु याहून बोधक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. वैद्यक शिकण्याचा संकल्प करून लहानग्या मनोरमा या कन्येसह १८८३ साली त्या इंग्लंडात पोहोचल्या, वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहिल्या, तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि श्रवणशक्ती क्षीण होत गेल्यामुळे वैद्यकाचा मार्ग खुंटला, तेव्हा परदेशात, परक्या भाषेत, पदरी मूल असलेली ही विधवा निराश होऊन परतली असती, तर कोणी नवल केले नसते. तसे झाले नाही, याचे पुष्कळसे श्रेय चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याकडे जाते. रमाबाईंना त्यांनी केवळ बाकावर बसविले नाही. संस्कृत शिकविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि त्याच वेळी इंग्रजी, गणित, सृष्टिविज्ञान हे विषय शिकण्याची तजवीज केली. घेणाऱ्याच्या हातात देण्यासारखेही काही आहे, हे ओळखून त्याचा मान राखणे, यापरते उत्तम शैक्षणिक साहाय्य मला ठाऊक नाही. पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथील बालोद्यान पद्धती त्यांनी अभ्यासिली, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा त्या विद्येचे व्याज स्वदेशी पोहोचले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना खेड्यात मुक्कामास नेण्याची प्रथा आहे. त्याच संस्थेतून बाहेर पडलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत अधिक शिक्षण घेऊन १९७० साली जामखेडास आले, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. आज देशोदेशींचे विद्यार्थी जामखेडास शिकावयास येतात ते त्या बायांपाशी. चेल्टनहॅममधील संस्कृतच्या तासाचेच हे दुसरे रूप होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. यवतमाळ येथे १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती; निरनिराळ्या प्रांतांचे विद्यार्थी या कापसाच्या मुलखात राहून शिकत. १९८३ साली ती पुण्यास गेली. संस्थांना स्थलांतराची कारणे असतात आणि त्याबद्दल गाऱ्हाणे करण्याचा माझा हेतू नाही; परंतु आमची मुले बाहेर जात राहिली आणि बाहेरची येईनाशी झाली, हे एकतर्फी दळणवळण तेव्हापासून मला सलते.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क यांना श्रेयांक दिले आहेत, आणि एका श्रेयांकास साधारण तीस तासांचे काम अपेक्षित आहे. हे तास कसे भरले जातात ते खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको: दुपारी गाडी येते, ग्रामपंचायतीपुढे छायाचित्र निघते, सरपंचांचा शिक्का उठतो, आणि सायंकाळच्या आत प्रकल्प सिद्ध होतो. नागपूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), मुंबई येथील ख्रिस्ती महाविद्यालयांनी हेच तास दारव्हा तालुक्यात प्रामाणिकपणे का खर्च करू नयेत? मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून स्वतंत्र साधनकेंद्र आहे. शिकण्यातील अडसर विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसून व्यवस्थेत असू शकतो, हे ज्या परंपरेने तेथे मान्य केले, तिला भाषेच्या अडसराचे निवारण अशक्य नसावे.

सरकारी सवलतींवर सर्वस्वी विसंबावे, तर तेथेही वाट सरळ नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींचे लाभ १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाले, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाले नाहीत. राज्यात त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते, आणि कोणता दाखला कोणत्या अर्जास जोडावा या घोळात सेतू केंद्र आणि तहसील कचेरी यांच्यामध्ये हेलपाटे घालता घालता अर्जाची मुदत टळते. महाविद्यालयातील एखाद्या जाणत्या लिपिकाने जुलैतच तासभर दिला, तर हे टळेल.

माझी सूचना लहान आहे. दिवाळीच्या सुटीत शहरातील महाविद्यालयाचे आठ-दहा वरच्या वर्गांतील विद्यार्थी दोन आठवडे येथे मुक्कामास यावेत; सकाळी त्यांनी गावच्या प्रथम वर्षाच्या मुलांबरोबर, मग ती कोणत्याही धर्माची असोत, राहिलेले विषय घेऊन बसावे, आणि दुपारी त्याच मुलांनी त्यांना शेतात नेऊन वेचणीची मजुरी, जिनिंगचा भाव, कर्जाचा हप्ता आणि विहिरीची पातळी यांचा हिशेब शिकवावा. श्रेयांक दोघांच्याही नावे मांडावेत. शाळेची एखादी खोली त्या दिवसांत रिकामीच असते, आणि जेवणाची चिंता बोरीत कोणा पाहुण्यास आजवर पडलेली नाही.