कौतुकाला जाहिरात म्हणू नका



कॅथलिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या चित्रकला परीक्षेतील यशाची बातमी म्हणजे फुकटची जाहिरात, हा वाचकपत्रातील आरोप मुळीच पटला नाही. मराठवाड्यातील मिशन शाळांची मुळे गावकुसाबाहेर रुजलेली आहेत. कॅथलिक मिशनरी फादर जाकिये यांनी घोगरगावात राहून, समाजाने दूर लोटलेल्या कुटुंबांसाठी आयुष्य वेचले. आज आपल्या शहरातील अशा शाळांत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली, तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात. त्यासाठी मुले रंगांनी माखलेल्या हातांनी तासन्‌तास राबतात. त्यांच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. जिल्हा परिषद शाळांच्या बातम्याही अवश्य छापा. पण कोणाचे कौतुक कापू नका.

– एक पालक, छत्रपती संभाजीनगर