काळ्यावर काळं



चित्रात रात्रीचं शहर दिसलं की प्रस्थापित समीक्षकाची पाठ केलेली पोपटपंची सुरू होते. अंधार म्हणजे निराशा. काळा म्हणजे पाप. दिवा म्हणजे आशा, ज्ञान वगैरे. प्रतीकांचा हा कोश चित्रकारानं लिहिलेला नाही. तो आपल्या भाषेतच मुरलाय. तोंड काळं कर, काळा बाजार, काळा पैसा, काळा दिवस. जे जे वाईट ते काळं. ज्यांची कातडी पिढ्यान्‌पिढ्या उन्हात रापली, त्यांनी हा कोश का म्हणून मानायचा?

फ्रान्सिस न्यूटन सूझा घ्या. जन्म १९२४, गोव्यातलं साळगाव. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधनं १९४५ साली काढून टाकलेला. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारणाऱ्यांतला एक. १९४९ साली लंडनला गेला. तिथं १९६५च्या सुमाराला त्यानं निव्वळ काळ्या रंगात चित्रं केली, आणि १९६६ साली ग्रोव्हनर गॅलरीत मांडली. त्यात डोकी आहेत, नग्न देह आहेत, घरांची दाटीही आहे.

समोर ताठ उभं राहिलात तर काही दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरका. जाड थापलेल्या तेलरंगाच्या कडांवर उजेड घासून जातो आणि भिंतीची रेघ वर येते. पुन्हा सरका, ती गेली, दुसरी आली. चित्रात दिवा नाहीच. आहे ते रंगाच्या उंचसखलपणात. ह्याला उदास कोण म्हणेल? हे चित्र हट्टी आहे. बघणाऱ्याला जागचं हलायला लावतं. आम्ही ते इथं छापलेलं नाही. छापलं की त्याचा नुसता काळा चौकोन होतो.

रात्रीच्या शहराचंही असंच. मोठ्या रस्त्यावरनं गाडीतून बघणाऱ्याला उस्मानपुऱ्यातली आपली वस्ती म्हणजे एक काळा पट्टा. तो म्हणतो, तिथं काय आहे? अरे, तिथं रात्रपाळीचा डबा भरला जातोय, बाळंतीण जागी आहे, पोरगी परीक्षेचं वाचतीय. तू सरक की जरा! गोदीत रात्री जहाजाच्या पोटात उतरणाऱ्याला अंधार हे प्रतीक नसतं. तिथं डोळ्याआधी पायानं बघावं लागतं. पायरी कुठं, गोणी कुठं, डोक्यावर लोंबणारा हूक कुठं.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं १९७२ साली मुंबईची रात्र अशी आतनं दाखवली. त्याच साली दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं, आणि ती निघाली १९६६ साली, सूझाची काळी चित्रं लागली त्याच साली. हा योगायोग, त्यावर इमला नको. सूझा काही आपल्या चळवळीतला नव्हता, त्याच्या हातात निळा झेंडा देऊ नका. पण काळा रंग कुणाची माफी न मागता वापरता येतो, एवढं त्याच्याकडनं जरूर घ्या.

आपली जी पोरं-पोरी चित्रं काढतात त्यांना सांगणं एवढंच : वस्तीची रात्र रंगवा. कोपऱ्यात आशेचा पिवळा ठिपका टाकायची सक्ती नाही. आणि अंधाराचं कौतुकही नको. गल्लीतला खांब बंद असेल तर अर्ज द्या, नाही ऐकलं तर मोर्चा काढा. खांबावरचा दिवा हा हक्क आहे. चित्रातला दिवा बऱ्याचदा नुसता उपदेश असतो. दोन्हींत गल्लत करू नका.

जय भीम!