खांबाला पट्टी बांधण्याआधी

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हैदराबादेतही तो जाणवला. दोन दिवस फोनाफोनी झाली, मग सगळे शांत. आपले शहर भूकंपाच्या सौम्य पट्ट्यात, म्हणजे झोन दोनमध्ये येते, एवढे म्हटले की विषय संपतो. पण आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी कोसळले तेव्हा लातूरकडचा भागही नकाशावर सर्वांत सुरक्षित रंगातच होता. नकाशाचा रंग त्यानंतर बदलला.

अफझलगंजात सध्या चर्चा उस्मानिया रुग्णालयाची आहे. ३१ जानेवारी २०२५ ला गोशामहलला नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. मुसीकाठच्या जुन्या इमारतीचे काय करायचे, यावर अहवाल आणि याचिका वर्षानुवर्षे चालल्या आहेत. ती इमारत वीट-चुन्याची. तिला दमट हवेत श्वास घेऊ देणारा चुनाच लागतो. काँक्रीटच्या खांबांचा इलाज तिला जसाच्या तसा चालत नाही.

हा इलाज लागतो तो आपल्या घरांना. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर चार-पाच मजले भिंतींनी भरलेले, अशा अपार्टमेंट आपण कर्ज काढून घेतल्या. आम्हीही अशी कर्जे मंजूर केली. टायटल तपासले, व्हॅल्युएशन पाहिले. खांबातल्या रिंगा किती अंतरावर आहेत, हे कधी विचारले नाही. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या.

आता बाजारात कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे कापड आले आहे. खांबाचा गिलावा काढायचा, पृष्ठभाग घासायचा, कोपरे गोल करायचे आणि इपॉक्सीत भिजवलेले कापड घट्ट गुंडाळायचे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात ना, तेच काम. हादऱ्यात काँक्रीट बाहेर फुटू पाहते, त्याला हे वेष्टन आवळून धरते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानात याचा वापर खूप वाढला. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. उलट काँक्रीटचे जॅकेट घातले तर खांब प्रत्येक बाजूने साधारण चार इंच वाढतो, आणि मग कुणाची तरी गाडी आत शिरत नाही! इपॉक्सी आपल्याला नवे नाही. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना धरणाच्या भेगांतही ते भरले होते.

पण सेल्समन सांगतो तितके हे सोपे नाही. आतली सळई गंजलेली असेल तर वरून कापड गुंडाळणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे. आधी गंज काढावा लागतो. आगीत इपॉक्सी लवकर मऊ पडते, म्हणून वर संरक्षक थर हवा. चौकोनी खांबाला फायदा गोल खांबापेक्षा कमी. आणि मुख्य म्हणजे खालचा मजला वरच्यांपेक्षा लवचीक असणे, हा दोष पट्टीने जात नाही. त्यासाठी काही खांबांच्या मधे काँक्रीटची भिंत किंवा पोलादी तिरके आधार द्यावे लागतात, म्हणजे पार्किंगच्या एक-दोन जागा सोडाव्या लागतात. भांडण तिथेच होते.

आमच्या सोसायटीच्या सभेत मागच्या वर्षी रंगकामाला दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. तपासणीचा विषय "पुढच्या सभेत" गेला. आम्हीही तेव्हा हात वर केला नाही, हे कबूल करायला हवे.

जुन्या काँक्रीट इमारतींच्या तपासणीसाठी आयएस १५९८८ हे भारतीय मानक २०१३ पासून आहे. गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र आहे. ज्यांची इमारत पंचवीस-तीस वर्षांची आहे, त्यांनी कापड विकणाऱ्याला बोलावण्याआधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावावे, मूळ नकाशे शोधावेत आणि ज्याला तपासणीची फी दिली त्यालाच काम देऊ नये. आमच्या इमारतीचे नकाशे शोधतो आहोत. बिल्डरच्या मुलाकडे एक जुनी फाईल असल्याचे कळले आहे.