भंगारवाल्याला जरा थांबवा



विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुने लॅपटॉप भंगारात काढावेत, असे पांढुर्ण्याच्या वाचकांनी लिहिले आहे. तारीख बरोबर, सल्ला चुकीचा. सौंसरला माझ्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती सुरळीत चालते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज तपासता येतो. डिस्कला हातही लागत नाही. (मी नंतर मिंट बसवताना घाईत बॅकअप न घेता डिस्क पुसली, लग्नाचे फोटो गेले. दोष माझाच.) मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. संत्र्याचा हिशेब टॅलीत ठेवणाऱ्यांची मात्र अडचण होईल, हे मान्य. बाकीच्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पेनड्राइव्ह लावून पाहावा.

– एक वाचक, सौंसर