मोजणारा कोणाचा माणूस?

सध्या मुक्काम जबलपूर.

थंडी पडली की इथे मटाराचा हंगाम सुरू होतो. जबलपूरचा मटार लांब लांब जातो आणि त्यातला बराचसा पनागर, पाटन, शहपुरा, सिहोरा या पट्ट्यात पिकतो. पनागर आमच्यापासून कटनीच्या रस्त्यावर पंधरा-सोळा किलोमीटर. सुट्टीचा रविवार मिळाला की मी मोटरसायकल काढतो, शेतावरूनच अर्धी गोणी मटार घेतो आणि क्वार्टरमधल्या चार घरांत वाटून टाकतो.

मागच्या खेपेला ज्या दादांकडून मटार घेतला, त्यांच्या शेताला लागूनच कालव्याची छोटी चारी आहे. पक्की, सिमेंटची. त्या दिवशी चारीत पाणी नव्हतं, कडेला बकऱ्या चरत होत्या. मी सहज विचारलं, "दादा, पाणी मिळतं का वेळेवर?" ते म्हणाले, "वरच्यांना मिळतं. आमच्यापर्यंत कधी येतं, कधी नाही." मग हसून पुढे म्हणाले, "जांच वाले आए थे, फौजी भाई. नहर की फोटो ले गए. पानी की नहीं ली."

ते वाक्य घेऊनच मी परत आलो. कोण आले होते, कोणत्या खात्याचे, हे त्यांनाही सांगता आलं नाही, आणि माझा मुद्दा कोणा एका खात्याचा नाहीच. मुद्दा असा की चारी बांधली गेली हे खरं, फोटोही खरा, कागदावर लिहिलेले मीटरही खरे असतील. तरीही ज्याच्यासाठी चारी बांधली, त्याला विचाराल तर काम अर्धंच झालंय.

या भागात पाण्याचा विषय निघाला की बरगीचं नाव येतंच. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांत पहिलं पूर्ण झालेलं धरण ते, १९९० सालचं. त्याबद्दल दोन आकडे नेहमी सांगितले जातात. कागदावर १०१ गावं बुडणार होती, प्रत्यक्षात पाणी चढलं तेव्हा बाधित गावं १६२ निघाली. म्हणजे जवळजवळ साठ गावं आधीच्या हिशेबात नव्हतीच. नदी तीच, पाणी तेच, गावंही शेकडो वर्षं जागच्या जागी. चुकलं ते मोजमाप.

याच नदीवर खाली गेलं की सरदार सरोवर. तिथे गोष्ट आणखी मोठी झाली, कारण तिथे पैसा बाहेरच्या देशांतून येणार होता. १९८५ मध्ये जागतिक बँकेने धरण आणि कालव्यासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. बुडीतात तीन राज्यांची गावं होती. महाराष्ट्राची ३३, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. बहुतेक वस्ती आदिवासींची.

या प्रकल्पाला तपासणारे नव्हते असं कोणी समजू नये. पुनर्वसनावर देखरेख आणि मूल्यमापन करायला राज्यवार संस्था नेमल्या होत्या. महाराष्ट्रासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, गुजरातसाठी सुरतचं सेंटर फॉर सोशल स्टडीज, मध्य प्रदेशासाठी सागरचं हरिसिंह गौर विद्यापीठ. अभ्यासू माणसं गावात जात होती, अहवाल लिहीत होती. पण अहवाल लिहिणाऱ्याला "थांबा" म्हणायचा अधिकार नव्हता. अहवाल वर जायचा आणि काम आपल्या गतीने चालू राहायचं.

मग बाहेरून दाब आला. १९९० च्या डिसेंबरात हजारो माणसं पायी निघाली आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे अडवली गेली. बाबा आमटे त्यांच्यात होते, मेधा पाटकर उपोषणाला बसल्या. त्या धक्क्यानंतर १९९१ मध्ये जागतिक बँकेने स्वतःच्याच चालू प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायला समिती नेमली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर, कॅनडातले माजी न्यायाधीश.

जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला. बँकेला वाटलं असेल की किरकोळ दुरुस्त्या सुचवतील. त्यांनी सरळ लिहिलं की आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं नीट पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही, आणि बँकेने एक पाऊल मागे घ्यावं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. किती लोक विस्थापित होणार आणि ते कसे जगतात, याची भक्कम माहिती सुरुवातीला गोळाच केली नव्हती. सुरुवातीची नोंदच नसेल तर नंतर कोणाचं भलं झालं आणि कोणाचं वाटोळं, हे ठरवणार कशावरून?

कोणी म्हणेल, परदेशी साहेबांनी येऊन आपल्याला मार्क का द्यावेत? वर्दीतल्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, मलाही टोचला. पण त्या समितीने आपल्या सरकारांइतकंच, किंबहुना जास्तच, बँकेला धारेवर धरलं. बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असं बँकेनेच नेमलेल्या माणसांनी लिहिलं. मला त्याचं कौतुक वाटतं.

त्याच वर्षी बँकेच्या आत आणखी एक अहवाल तयार झाला, विली वापेनहान्स यांचा. त्यात आढळलं की १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या आणि तपासलेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक होते. कारणही दिलं होतं. कर्ज मंजूर करण्याला मान होता, मंजूर झालेल्या पैशाचं पुढे काय झालं हे बघण्याला तेवढा नव्हता. ज्याची फाईल पास झाली तो पुढे गेला.

आता थोडं आमच्या घरचं.

फौजेत एक शब्द सगळ्यांना पाठ आहे, चुना-गेरू. मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं की झाडांच्या बुंध्यांना, रस्त्याकडेच्या दगडांना पांढरा-तांबडा रंग चढतो. साहेब येतात, बघतात, चहा घेतात, जातात. नळ गळत असला तरी इन्स्पेक्शन पास होतं, कारण त्यांच्या रस्त्यात दगड येतात, नळ येत नाही. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. फक्त जे दाखवायचं तेच बघितलं गेलेलं असतं.

पण याच फौजेत दुसरी एक पद्धतही आहे. फायरिंग रेंजवर आपल्या गोळ्या आपण मोजत नाही. समोर टार्गेटखाली, खंदकात, बट पार्टी बसलेली असते. गोळी कुठे लागली ते ती माणसं दाखवतात. मी कितीही सांगितलं की माझी गोळी मधोमध गेली, ते कोणी ऐकत नाही. टार्गेटला भोक आहे की नाही, एवढंच विचारतात. आणि फायरिंग संपलं की मला स्वतः चालत जाऊन माझं टार्गेट बघता येतं. शंका असेल तर तिथेच मिटते.

विकासाच्या प्रकल्पांची तपासणी बहुतेक वेळा चुना-गेरूसारखी होते आणि ती बट पार्टीसारखी व्हायला हवी, असं माझं मत आहे. बट पार्टीला गोळी झाडणाऱ्याच्या बढतीशी काही देणंघेणं नसतं. ती टार्गेटच्या सगळ्यात जवळ असते. आणि तिने दाखवलेलं सगळ्यांना दिसतं.

"टार्गेटच्या जवळ" म्हणजे काय, ते मला आमच्या भागात दिसलं. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. त्यानंतर घरबांधणीचा जो कार्यक्रम आला, त्यालाही जागतिक बँकेचंच कर्ज होतं. ५२ गावं नव्या जागी हलवली आणि बाकीच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून घेतल्या गेल्या. भिंतीला पट्टी कशी घालायची, कोपरा कसा बांधायचा, हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघरी सांगायच्या आणि काम कसं चाललंय तेही बघायच्या. पुढे नोकरीत मी बरीच तपासणी पथकं पाहिली, पण ती संध्याकाळी गाडीत बसून निघून जाणारी. आमच्या गावातल्या मावशींना निघून जायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना त्याच बाईची गाठ पडणार, जिची भिंत काल तपासली. खोटं लिहून कुठे जाणार?

आता यातली अडचणही मान्य करतो. गावाच्या हातात वही दिली की सगळं सरळ होतं असं नाही. गावात भाऊबंदकी असते, सरपंचाच्या जवळचे आणि लांबचे असतात, आपलं नाव यादीत घुसवणारेही असतात. शिवाय नदीत किती पाणी येईल, मासे मरतील का, हे गावातल्या एकट्या माणसाला मोजता येत नाही. त्याला मोर्ससारखे बाहेरचे तज्ज्ञच लागतात. म्हणून दोघेही हवेत. रोज जागेवर असणारा गावातला माणूस आणि अधूनमधून न सांगता येणारा बाहेरचा. आमच्याकडेही पहारेकरी असतो आणि सरप्राइज चेकही असतो. एकामुळे दुसरा जागा राहतो.

पण खरी गोम पुढे आहे, आणि तिचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मोर्स समितीच्या अहवालानंतर बँकेने अटी घातल्या, मुदत दिली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने कळवलं की उरलेलं कर्ज नको. त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान होत असेल तर बाधितांपैकी दोन माणसंही तिथे तक्रार करू शकतात. पॅनेलकडे आलेलं पहिलं प्रकरण नेपाळच्या अरुण-३ प्रकल्पाचं, आणि १९९५ मध्ये बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली. म्हणजे नर्मदाकाठच्या माणसांच्या भांडणातून जगभरच्या लोकांना एक दार मिळालं. १९९४ च्या ज्या जाहीरनाम्यात शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांचं कर्ज थांबवायची मागणी केली, त्याला नाव मिळालं मणिबेलीचं, अक्कलकुवा तालुक्यातल्या आपल्या गावाचं.

आणि मणिबेलीचं काय झालं? बँक बाजूला झाली, धरण नाही. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००० मध्ये निकाल लागला, बांधकाम पुढे सरकलं. सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. सगळ्यात कडक, सगळ्यात स्वतंत्र तपासणी झाली आणि तिचा परिणाम काय, तर तपासणारा पाहुणा उठून गेला. टार्गेट जागेवर, गोळीबार चालू, बट पार्टी मात्र रेंज सोडून गेली.

धरण हवं की नको, या वादात मी पडत नाही. वर्दीत असताना पडायचंही नसतं. कच्छच्या कोरड्या भागात पोस्टिंग काढलेल्या कोणालाही विचारा, पाणी पोचलं की काय वाटतं ते तो सांगेल. पण कच्छमध्ये पोचलेलं पाणी मोजायचं असेल तर मणिबेलीत बुडालेलं शेतही मोजायला हवं, तेही त्याच वहीत आणि तितक्याच काळजीने. आणि कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला म्हणून ती वही बंद होता कामा नये. प्रकल्पाची मुदत पाच-सात वर्षांची असते, विस्थापिताची मुदत त्याच्या नातवापर्यंत जाते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पैसा वॉशिंग्टनचा असो, टोकियोचा असो की भोपाळ-मुंबईचा, प्रकल्प मंजूर होतानाच तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. काम सुरू व्हायच्या आधी गावाची नोंद करा आणि ती गावात वाचून दाखवा. मोजणाऱ्याचा पगार आणि बढती, ज्याचं काम तो मोजतोय त्याच्या हातात ठेवू नका. आणि काम संपल्यावर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी परत जा, चारीच्या तोंडाशी नको, चारीच्या शेवटच्या शेतात.

पनागरच्या त्या दादांना मी विचारलं, पुन्हा जांच वाले आले तर काय सांगाल? ते म्हणाले, "सांगीन की आज जाऊ नका, पाण्याची पाळी येईपर्यंत इथेच थांबा." मग त्यांनी गोणीत दोन ओंजळी मटार जास्तीचे टाकले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

जय हिंद.