पाच लिटर पाणी आणि एक आडोसा



सहा डिसेंबर जवळ आला की आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत लगबग सुरू होते. परभणी, नांदेड, अकोला, नागपूरकडचे नातेवाईक चैत्यभूमीला निघालेले असतात. महिला मंडळात भोजनदानाची वर्गणी जमते, शुभ्र साड्या इस्त्रीला जातात, किती वाजताची लोकल पकडायची ते ठरते. सगळ्याची तयारी होते. एका गोष्टीची मात्र होत नाही, कारण ती चारचौघांत बोलायला आपल्याला संकोच वाटतो. ती म्हणजे मैदानात मुक्कामाला असलेल्या बाईची आंघोळ.

काही वर्षांपूर्वी माझी मावशी परभणीकडच्या खेड्यातून आली. चार तारखेला शिवाजी पार्कवर उतरली आणि अभिवादन करूनच सात तारखेला आमच्या घरी कल्याणला आली. आली ती तापाने फणफणलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला आहे. खोदून विचारले तेव्हा कळले की सारखे उठून जावे लागू नये म्हणून मावशी तीन दिवस घोट-घोटच पाणी प्यायली होती. अंगावर पाणी तर पडलेच नव्हते. औषध घेऊन पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "पोरी, रांगेत रातभर उभी ऱ्हायले, त्याचं काई वाटलं नाही. पण बाबासायबांपुढं डोकं टेकताना अंगाचा वास येत व्हता. त्याची लाज वाटली बघ."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या दिवसांत महापालिका मैदानात मंडप घालते, नळ बसवते, टँकर आणि फिरती शौचालये उभी करते, तात्पुरती स्नानगृहेही असतात. पण लोक लाखोंनी येतात. रांगेत दोन तास घालवायचे की लेकराला सांभाळायचे, असा प्रश्न आला की बाई आंघोळ सोडून देते.

पाण्याची ही अडचण आपल्याला नवी नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा तिथे जमलेल्या आपल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले होते आणि आपल्याला पाणी विकतचे! त्यानंतर २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. आज नळाला कोणी अडवत नाही. मग पाणी असून आपल्या आयाबाया तीन दिवस बिनआंघोळीच्या का राहाव्यात?

आडोशाचा प्रश्नही जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात श्रावस्तीच्या विशाखेची गोष्ट आहे. भिक्खुणी अचिरवती नदीवर उघड्यावर स्नान करीत आणि त्याच घाटावर आलेल्या गणिका त्यांची टिंगल करीत. विशाखेला हे खटकले. तिने भगवान बुद्धांकडे आठ वर मागितले. त्यांत भोजनाचे होते, औषधाचे होते, आणि भिक्खुणींना स्नानवस्त्र देण्याची परवानगीही होती. तथागतांनी ती दिली. भोजनदान आपण सगळेच करतो. विशाखेला स्नानाची अडचण दिसली, हे तिचे वेगळेपण.

आता कामाचे बोलू. बादलीत तांब्या बुडवून आंघोळ केली की पंधरा-वीस लिटर पाणी सहज जाते. तेच पाणी बारीक धारेने अंगावर घेतले तर चार-पाच लिटर पुरते. डोंगरात तंबू ठोकून राहणारे लोक यासाठी काळी जाड पिशवी वापरतात. तिला नळी आणि तोटी असते. पिशवी भरून दोन-तीन तास उन्हात ठेवली की पाणी कोमट होते, मग ती उंच टांगून फवारा सुरू करायचा. गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात ती मिळते, पण विकत घेतलीच पाहिजे असे नाही.

घरची युक्ती अशी. कुंड्यांना पाणी घालायची प्लॅस्टिकची झारी घ्या. किंवा पाच लिटरचा कॅन घेऊन त्याच्या झाकणाला तापल्या सुईने दहा-बारा भोके पाडा. कॅन उलटा केल्यावर वर येणाऱ्या तळालाही एक भोक हवे, नाहीतर हवा आत जात नाही आणि धार अडकते. पाणी भरताना त्यावर बोट किंवा चिकटपट्टी लावा. शेतातला फवारणी पंप मात्र कितीही धुतला तरी वापरू नका. औषधाचा अंश त्यात राहतो आणि तो कातडीतून अंगात जातो.

कॅनला काळे फडके गुंडाळून सकाळी दहा वाजता उन्हात ठेवा. डिसेंबरातही मुंबईचे दुपारचे ऊन चांगले असते. अंगावर घेण्याआधी पाणी हाताला लावून बघा. पाणी तापवायला मंडपात स्टोव्ह पेटवायचा विचारही नको.

आडोशासाठी गडद रंगाची जुनी नऊवारी घ्या. ती साधारण आठ मीटर भरते. मधोमध कापून दोन तुकडे करा आणि एकाखाली एक शिवा. पुरुषभर उंचीचा, चार मीटर लांबीचा पडदा तयार होतो. प्लंबरच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पाइपचे मीटरभराचे तुकडे आणि जोड आणा. त्यांची हातभर-दोन हात रुंद चौकट उभी करा, वर-खाली आडवे पाइप घाला, म्हणजे मैदानात खड्डा खणावा लागत नाही. पडद्याची टोके एकमेकांवर आली की दार झाले. हे सगळे एका पिशवीत मावते आणि लोकलमध्ये नेता येते. एक जपा : रात्री आत दिवा ठेवू नका. आत उजेड असला की सावली पडद्यावर उमटते. बॅटरी बाहेर ठेवा आणि एक बाई दाराशी उभी राहू द्या.

आंघोळीचा क्रमही ठरवा. एक लिटरने अंग ओले करा, पाणी थांबवा, साबण लावा. काखा, जांघा, पाय आधी, कारण घाम आणि मळ तिथेच साचतो. उरलेल्या पाण्याने स्वच्छ धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. आजारी, म्हाताऱ्या माणसाला ओल्या टॉवेलने पुसून घेतले तरी हुशारी वाटते. उभे राहायला टब किंवा घमेले ठेवा आणि सांडपाणी गटारातच ओता, शेजारी कोणाची तरी पथारी असते. पिण्याच्या टँकरचे पाणी अंघोळीला घेऊ नका. समुद्रात आंघोळ तर नकोच. अंगावर मीठ राहून खाज सुटते आणि भरतीचा भरवसा नसतो.

पाळीच्या दिवसांत चार-सहा तासांनी घडी बदला, वापरलेली कागदात गुंडाळून कचरापेटीतच टाका. आणि पाणी भरपूर प्या. शौचालयाची रांग टाळण्यासाठी तहान मारणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे आहे.

पुढच्या वर्षी आम्ही मावशीला आधीच फोन केला. मराठवाड्याच्या गाड्या कल्याणला थांबतात, तेव्हा इथेच उतर म्हटले. तिने घरी ऊन पाण्याने आंघोळ केली, पोटभर जेवली आणि आमच्याबरोबर लोकलने दादरला आली. मैदानात आम्ही नऊवारीची न्हाणी उभी केली. ती घरच्यांसाठी होती, पण दुपारपर्यंत शेजारच्या पथारीवरच्या बाया विचारत आल्या, "ताई, आमालाबी घेऊ द्या का?" मावशीच मग दाराशी बसली, कॅन भरून द्यायला. ती म्हणाली, "भाकरी कुनीबी देतं बाई, ह्ये कुनी देत नाही."

भगिनींनो, यंदा भोजनदानाच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढा. प्रत्येक महिला मंडळाने दोन न्हाण्या आणि चार कॅन केले तरी कितीतरी जणींची सोय होईल. ज्यांच्या घरात जागा आहे त्यांनी पाहुण्यांना ठाण्या-कल्याणलाच उतरवून घ्यावे. येत्या रविवारी विहाराच्या अंगणात एकदा उभी करून बघा. पाइप कुठे हलतो, पडदा कुठे तोकडा पडतो, ते तिथेच कळेल. येताना प्रत्येकीने घरातली एक जुनी नऊवारी आणावी, गडद रंगाची.