पान नंबर कुणासाठी?

द्वितीय वर्ष बी. ए.

गेल्या सत्रात माझा तुकारामांवरचा निबंध तपासून परत आला, तेव्हा समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते : "हे वाक्य पृ. ७३ वर नाही. कुठून घेतले?" मॅडमनी ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक उघडून पाहिले होते. वाक्य मी चोरले नव्हते, मनाने रचलेही नव्हते. पुस्तक मी मोबाइलवर वाचले आणि पडद्याच्या कोपऱ्यातला ७३ हा आकडा उतरवून घेतला. पण तो मुखपृष्ठापासून प्रस्तावनेपर्यंत सारे धरून मोबाइलने मोजलेला आकडा. छापील पुस्तकात त्याच पानावर ४५ आहे. हे मॅडमना पटवून देईपर्यंत माझी गाळण उडाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लबाडीचा शिक्का बसला असता, तर घरी काय तोंड दाखवले असते?

आपल्याकडे पान नंबर म्हणजे परीक्षकासाठी करायची शोभा, असा एक समज आहे. मित्र तर सर्रास अंदाजे आकडे ठोकून देतात, कोण बघतो! मला हे पटत नाही. पान नंबर परीक्षकासाठी नसतोच, तो आपल्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असतो. माझेच पाहा. दुपारी मी घाटकोपरला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही, आणि तास सुटल्यापासून गाडी पकडेपर्यंत हातात जेमतेम अर्धा तास असतो. कोणी तळटीपेत 'पृ. ११२' असे नीट लिहून ठेवले असेल, तर त्या अर्ध्या तासात माझे काम होते. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्याला चारशे पाने चाळायला सबंध रविवार मोकळा असतो. आम्हाला नाही.

आता नव्या साधनांविषयी. आमच्या घरी संगणक नाही. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर लिहितो, तेही साध्या मजकुरात. ठळक, तिरपे काही नाही. अशी फाइल कुठेही उघडते. कॉलेजच्या संगणकावर ती पॅनडॉक नावाच्या मोफत प्रणालीत घातली की छापण्याजोगा निबंध तयार होतो. ही प्रणाली प्रथम २००६ साली आली. ती लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, म्हणजे आपल्याच बाजूचे! संदर्भ द्यायचा तर चौकटी कंसात ॲटचे चिन्ह, त्याला चिकटून पुस्तकाची आपण ठरवलेली खूण, मग स्वल्पविराम आणि पानाचा आकडा. नुसता आकडा दिला तर प्रणाली तो पानाचाच समजते. पुढची सजावट तिची. एपीए पद्धतीत आकड्याआधी एका पानाला एक 'पी' आणि अनेक पानांना दोन. शिकागोच्या लेखक-साल पद्धतीत नुसता स्वल्पविराम. एमएलएमध्ये तोही नाही. शैलीच्या फाइलचे नाव बदला, की सगळे संदर्भ एका दमात बदलतात. मराठी निबंधात मात्र तो इंग्रजी 'पी' डोळ्यांत खुपतो. शैलीच्या फाइलमध्ये त्याजागी 'पृ.' लिहून देता येतो, आणि आपला 'पृ.' एका पानालाही पुरतो, दहा पानांनाही.

कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला! मुळीच नाही. माझा ७३ या प्रणालीने ४५ इतक्याच सुबकपणे छापला असता. आकडा खरा की खोटा हे तिला कळत नाही. ते पुस्तक हातात घेतलेल्यालाच कळते.

वडिलांना मी ही हकिकत सांगितली. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण वारकरी. त्यांना प्रश्नच कळेना. "पान कशाला सांगायचं? अध्याय सांग, ओवी सांग," म्हणाले. आमची ज्ञानेश्वरी गावाकडची, शेजारच्या काकांची वेगळ्या छापाची. तरी 'बारावा अध्याय' म्हटले की दोघेही बरोबर तिथे पोचतात. मी चाट पडलो. वर्गात वर्षभर जे शिकलो नाही, ते घरात आधीपासून होते. गंमत म्हणजे पॅनडॉकलाही हे ठाऊक आहे. आकड्याआधी अध्यायाची किंवा श्लोकाची इंग्रजी खूण घातली की तो आकडा पानाचा धरला जात नाही.

गाथेचे मात्र तसे नाही. १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघू लागलेली शंकर पांडुरंग पंडितांची गाथा घ्या, नाहीतर वारकऱ्यांच्या हातातली दुसरी एखादी. अभंगांचे क्रमांक जुळतीलच असे नाही. तेव्हा तिथे नुसता क्रमांक देऊन भागत नाही, प्रत कोणती हेही सांगावे लागते. माझ्या निबंधात तेही नव्हते. मॅडमच्या नजरेतून ते कसे सुटले कोण जाणे!

प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. फील्ड प्रोजेक्टच्या सूचनांत शब्दसंख्या असते, समास किती सोडावा हे असते, मुखपृष्ठाचा नमुनासुद्धा असतो. त्यातच आणखी एक ओळ छापावी : पृष्ठ क्रमांक छापील पानावरचाच द्यावा, आवृत्तीच्या सालासह. आणि वर्षाच्या आरंभी संगणक कक्षात एक तास आम्हाला हे करून दाखवावे. दुपारी कामावर जाणारे आम्ही बरेच जण आहोत, म्हणून तो तास सकाळी ठेवावा.